जयरामची वाडी

वसईला जाऊन आलो असं गावात सांगितलं तेव्हा पहिला प्रश्न आला, "कोण आजारी आहे?" आमच्या माण तालुक्यातला माणूस त्या बाजूला जातो तो दवाखान्यासाठी, नाहीतर नोकरीला लागलेल्या पोराच्या गॅलरीत चार दिवस कोंडून घ्यायला. नुसतं एखाद्याला भेटायला कोणी जात नाही. मी गेलो होतो. पलटणीतला माझा जोडीदार जयराम तिथे सांडोरला राहतो. त्याला घेऊन मला पुढे ईशान्येच्या सरहद्दीवर जायचं होतं, जिथे तरुणपणी आम्ही एका मोहिमेत लढलो.

तिथून निरोप आला होता. ज्यांच्याविरुद्ध आम्ही लढलो त्यांच्यातला एक म्हातारा, तामो, अजून आहे. त्याची दृष्टी चालली आहे, आणि नवं भात घरात येण्याआधी त्याला आम्हा दोघांना भेटायचं आहे. निरोप त्याच्या नातीने फोनवर दिला. ती तिथल्या शाळेत शिकवते आणि माझ्यापेक्षा बरं हिंदी बोलते.

त्या खोऱ्याचं खरं नाव मी लिहीत नाही. त्याला नोलुंग म्हणू आणि तिथल्या लोकांना ओरेम. जयराम हेही खरं नाव नव्हे. काही गोष्टी पोटात ठेवायची सवय फौजीला असते, ती पेन्शन सुरू झाली म्हणून सुटत नाही.

जयरामला मी निरोप फोनवर सांगितला. तो म्हणाला, "तू ये. मग बघू." 'मग बघू' म्हणजे 'नाही', हे पलटणीतल्या कोणालाही कळतं. म्हणून तर मी स्वतः गेलो. समोर बसलेल्या माणसाला जयराम नाही म्हणू शकत नाही, हे मला त्याच्याबद्दल माहीत होतं.

सांडोर

जयरामची वाडी मी न पाहता पाठ केली होती. आमच्याकडे वाडी म्हणजे पाच-पंचवीस घरांची वस्ती, एक मारुती आणि दोन भांडणं. वसईत वाडी म्हणजे बाग. नोलुंगच्या चौकीवर धुकं उतरलं की चार हातांवरचं दिसत नसे, आणि मग करायला काही नसलं की जयराम वाडी सांगायचा. विहिरीपासून पाट कसा वळतो, केळीची ओळ कुठे संपते, पोफळी कुठे लागतात, त्यांच्यावर नागवेली कशा चढवल्यात. माझ्या गावात बाभळसुद्धा परवानगी काढून उगवते. त्यामुळे मी ते तोंड उघडं टाकून ऐकत असे. निवृत्तीनंतर एकदा त्या पाटात पाय सोडून बसायचं, हे मी तेव्हाच ठरवून टाकलं होतं. बायकोला सांगितलं तर म्हणाली होती, पाय आपल्या घरीही धुता येतात.

तर दसरा होऊन गेला होता, दिवाळी यायची होती. स्टेशनवरून रिक्षा केली. वाटेत खरोखरच केळी होत्या, माडाच्या झावळ्या कुंपणावरून रस्त्यावर आल्या होत्या, एका दारात बाई टोपलीत भाजीच्या जुड्या बांधत होती. मी रिक्षावाल्याला म्हणालो, हळू घ्या. तो म्हणाला, "काका, अभी तो आधा भी नहीं बचा, पहले आना था." आणि रिक्षा एका चार मजली इमारतीच्या फाटकाशी थांबली.

फाटकात जयराम उभा होता. केस पांढरे झालेत, कान तेवढेच मोठे आहेत. आम्ही एकमेकांना मिठी मारली. मग तो वळला, वॉचमनच्या केबिनपाशी त्याने चपला काढल्या, हातात घेतल्या आणि फरशीवरून अनवाणी जिन्याकडे चालू लागला.

"नवस हाय का काय रं?" मी विचारलं.

"चल वर. सुमन वाट बघते," तो म्हणाला.

सुमनवहिनींनी तांदळाच्या भाकऱ्या केल्या होत्या आणि ओल्या बोंबलाचं कालवण. आमची ज्वारीची भाकरी हातात घेतली की कळतं काही घेतलंय. ही इतकी मऊ की मी चौथी कधी संपवली ते समजलं नाही. बोंबलाशी माझं जमेना, काटा कुठे आणि मासा कुठे. वहिनी म्हणाल्या, "भावोजी, काटा पन खायचा, तो मऊच हाय." खाल्ला. सरहद्दीवर याहून भयंकर गोष्टी खाल्ल्या होत्या, पण या गोष्टीने मला दुसऱ्यांदा वाढून घ्यायला लावलं.

हात धुवून गॅलरीत आलो. म्हटलं, "जयराम, वाडी कुणीकडं? आत्ताच जाऊ."

त्याने खाली बोट दाखवलं. खाली मोटारी उभ्या होत्या.

"हीच," तो म्हणाला.

पुढचं वहिनींनी सांगितलं, कारण जयराम आत जाऊन टीव्ही लावून बसला. विहिरीचं पाणी खारं होत गेलं. आधी नागवेली गेल्या, मग पोफळी. भावांच्या वाटण्या झाल्या, पोरांना शेती नको होती, आणि शेवटी सगळ्यांनी मिळून जागा बिल्डरला दिली. प्रत्येकाला एक घर मिळालं. "तुमची रिक्षा उभी ऱ्हायली ना, तिथं विहीर होती," वहिनी म्हणाल्या. मला भरून आलं. जी बाग मी कधी पाहिली नाही तिच्यासाठी रडू यावं हे जरा अतीच झालं, पण आलं.

फाटकाशी चपला का काढल्या, तेही तेव्हा कळलं. पानवेलीच्या बागेत पायात घालून जात नाहीत, अशी त्यांच्याकडे पिढ्यान्‌पिढ्यांची रीत आहे. वेल नाजूक, तिला विटाळ चालत नाही, कुंपणाशीच वहाणा काढायच्या. जयरामने इमारत झाल्यावरही ती रीत सोडली नाही. सोसायटीतली माणसं आधी हसली, मग त्यांना सवय झाली.

पण ही रीत किती मोठी आहे हे सांगायचं तर मला मोहीम सांगावी लागेल.

नोलुंग

सरहद्दीपर्यंत रस्ता न्यायचा होता आणि तो ओरेमांच्या डोंगरातून जाणार होता. त्यांना रस्ता नको होता. रस्त्याची यंत्रं जाळली गेली, दोन मजूर मेले, आणि आमची पलटण वर चढली. कड्यावरची गावं रिकामी करायची, माणसांना खाली सडकेलगत आणून वसवायचं, असा हुकूम होता. आम्ही पोचायच्या आधीच गावं रिकामी झालेली असत. माणसं रानात. चुलीत राख कोमट, पण एक कोंबडी दिसत नसे. पायवाटांवर तासलेले बांबू पुरलेले, त्यातला एक माझ्या पोटरीतून गेला. अजून थंडीत ठणकतो. ओरेमांकडे ठासणीच्या जुन्या बंदुका होत्या आणि नेम असा की आमच्या चांगल्या बंदुकांनी लाजावं. आम्ही त्यांना शत्रू म्हणत होतो. ते आम्हाला काय म्हणत ते नंतर कळलं, लिहिण्यासारखं नाही.

एका सकाळी आमची गस्त तामोच्या गावात शिरली. गाव रिकामंच. गावाच्या टोकाला पोफळींची राई होती आणि प्रत्येक पोफळीवर नागवेल चढलेली. जयराम सर्वात पुढे होता. राईच्या कुंपणाशी तो थांबला, आम्हाला वाटलं काही दिसलं, सगळे खाली बसलो. आणि या पठ्ठ्याने खाली वाकून बुटांच्या नाड्या सोडल्या. बूट काढले, मोजे काढले, एका दगडावर नीट ठेवले आणि अनवाणी आत गेला. शत्रूच्या मुलखात, मोकळ्यावर. कॅप्टनसाहेब दबक्या आवाजात अशा शिव्या देत होते की त्यातल्या काही मी पहिल्यांदाच ऐकल्या. जयरामने आत जाऊन एक निसटलेली वेल उचलली, केळीच्या सोपटाचा धागा काढून पोफळीला बांधली आणि परत आला. बूट घालताना त्याच्या लक्षात आलं आपण काय केलं ते. चेहरा पांढरा पडला होता.

"साहेब, सवय," एवढंच म्हणाला. त्याच्यावर शिस्तभंगाची कारवाई व्हायची होती.

दुसऱ्या दिवशी आम्ही त्याच वाटेने गेलो तेव्हा बूट ठेवलेल्या दगडावर पानांची जुडी होती, वर दोन सुपाऱ्या. तिसऱ्या दिवशी दगडाशेजारी एक माणूस उभा होता, हात रिकामे. तो तामो. आमच्याच वयाचा. मोडक्या हिंदीत त्याने सांगितलं. जयराम आत शिरला त्या सकाळी राईच्या वरच्या अंगाला झाडाझाडामागे त्याची माणसं होती आणि आमच्यातल्या प्रत्येकावर नेम धरलेला होता. "याने पायातलं काढलं," तो म्हणाला. "आम्हीही काढतो. काढणाऱ्यावर बंदूक चालवता येत नाही." ओरेमांचीही हीच रीत होती. त्यांना कोणी शिकवली नाही, वसईवाल्यांनाही नाही. वेलीनेच दोन्हीकडे शिकवली असेल.

तिथून बोलणी सुरू झाली. रस्ता राईला वळसा घालून काढायचा, गावं कड्यावरच राहू द्यायची. बोलणी पाळली जातील याची खात्री म्हणून ओरेमांनी एकच माणूस मागितला. तो अनवाणी शिरलेला आमच्या गावात राहू द्या, माणसं रानातून परत येऊन भात कापेपर्यंत. साहेबांनी दिला. जयराम एक अख्खा हंगाम तिथे एकटा राहिला, बंदुकीशिवाय. त्यांच्यासोबत भात लावला, वाढलेल्या वेली उतरवून नवी मुळं फुटावीत म्हणून मातीत पुरल्या, पुन्हा चढवल्या. आम्ही खालच्या तळावरून त्याला न्यायला गेलो तेव्हा तो ओरेमांसारखा उकिडवा बसला होता आणि आम्हाला बघून त्याला आनंद झाला नाही. मला तेव्हा राग आला होता. आता वाटतं, मलाही कोणीतरी त्या खोऱ्यात ठेवून घ्यायला हवं होतं. जिथे माझ्यावर गोळ्या झाडल्या त्या जागेची मला ओढ लागते, हे बायकोला समजावता येत नाही. सकाळी धुकं फाटून एकेक डोंगर बाहेर येई. तसं पुन्हा कुठे पाहिलं नाही.

वटार

दुसऱ्या दिवशी जयराम मला वटारला घेऊन गेला. सुमनवहिनींचे भाऊ भास्करराव यांची तिथे वाडी आहे आणि तिच्यात नागवेली अजून आहेत. जाताना मी तिकिटाचा विषय काढला. तो म्हणाला, "गुडघे गेलेत रे. डोंगर चढवत नाय." मी म्हटलं, आता वरपर्यंत गाडी जाते. तो म्हणाला, "बसवत पन नाय." अशा माणसाशी वाद घालणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

वाडीच्या कुंपणाशी आम्ही दोघांनी चपला काढल्या. माती गार होती. आत ऊन तुकड्यातुकड्यांनी येत होतं, आणि पाट होता, विहिरीकडून वळून आलेला. जयराम पानं नुसती बघत नव्हता, मागची बाजू उलटून बघत होता. मी मात्र जे करायला आलो होतो ते केलं. वाडीत तळं होतं. त्याला ते लोक बावखल म्हणतात, पावसाचं पाणी त्यात साठतं. पाटात पाय सोडायचे ते बावखलात सोडू म्हणून मी काठावर गेलो, शेवाळावर पाय पडला आणि कपड्यांसकट आत.

बावखल खोल असतं हे मला कोणी सांगितलं नव्हतं. गुडघे गेलेला जयराम तिथून पळत आला, काठावर आडवा पडला आणि मनगटाला धरून त्याने मला बाहेर ओढलं. मी धापा टाकत म्हणालो, "गुडघं बरं झालं वाटतं." तो इतका हसला की भास्कररावांची मंडळी घरातून बाहेर आली. दोन दिवसांत तो पहिल्यांदा हसत होता.

मग मला भास्कररावांची लुंगी मिळाली आणि जेवायला भुजिंग आलं. कोंबडी निखाऱ्यावर भाजून पोह्यांत कालवतात. आमच्याकडे पोहे नवरदेवाला मुलगी दाखवताना करतात, त्यात कोंबडी घातली तर लग्न मोडेल. पण चव अशी की मी सासर बदलायला तयार झालो. तेवढ्यात माझा फोन वाजला. तामोची नात होती. आजोबा राईत बसले आहेत, तुमच्या मित्राशी बोलायचं म्हणतात, चेहरा दिसू दे.

फोनच्या पडद्यावर तामो आला. चेहऱ्याची नुसती घडी झालेली, डोळ्यांवर पांढरट पडदा. मागे पोफळी, पोफळींवर वेली. जयरामने फोन दोन्ही हातांत धरला. बराच वेळ दोघं एकमेकांची नावं घेत राहिले. तामोचं मोडकं हिंदी आणखी मोडलं होतं, जयरामचंही, पण त्यांचं चाललं होतं. मग तामो म्हणाला, "तुझी बाग दाखव. इतकं सांगायचास."

जयरामने फोन छातीशी धरला आणि माझ्याकडे पाहिलं.

मी हळूच म्हणालो, "ही दाखव की. वेली हायेत, पाट हाय. म्हाताऱ्याला नीट दिसत न्हाई. खूष होईल."

भास्कररावही म्हणाले, "दाखवा भावोजी. आपलीच हाय."

जयराम उठला. वेलींच्या दिशेने दोन पावलं गेला. मला वाटलं दाखवतोय. मग त्याने फोन तोंडासमोर धरला आणि म्हणाला, "तामो, बाग नाय ऱ्हायली. विकली. तिथं बिल्डिंग हाय. मी त्याच बिल्डिंगमध्ये ऱ्हातो."

तिकडे नात आजोबांच्या कानाशी वाकून पुन्हा सांगत होती. तामोने मान हलवली आणि विचारलं, "मग पायातलं कुठे काढतोस?"

"फाटकाशी," जयराम म्हणाला.

"बरं," तामो म्हणाला. "इथे ये. इथल्या वेली अर्ध्या तुझ्या हातच्या आहेत. लवकर ये, मला अजून थोडं दिसतंय."

फोन बंद झाल्यावर जयराम वेलींच्या मध्ये जाऊन उभा राहिला. आम्ही त्याला हाक मारली नाही.

पुन्हा सांडोर

संध्याकाळी घरी आलो. वहिनींनी राजेळी केळ्यांची सुकेळी समोर ठेवली. केळी सोलून उन्हात वाळवतात, तपकिरी होतात, तोंडात धरली की मधासारखी लागतात. आता फार थोड्या घरांत करतात म्हणे. मी खात होतो आणि तिकिटाचं कसं काढावं याचा विचार करत होतो. काढायची वेळ आली नाही. जयरामच बोलला, वहिनी तिथेच कणीक मळत असताना.

"शिंदे, गुडघ्यांचं खोटं होतं."

"ते तळ्यात कळलं."

"तिथं गेलो तर मी परत येनार नाय."

मी त्याच्याकडे पाहिलं. तो रागाने किंवा रडून बोलत नव्हता.

"वाडी होती तवर बरं होतं. रोज वेलींत जायचो, डोळे मिटले की तिथंच असल्यासारखं वाटायचं. आता काय हाय? मला विचारशील तर इथं मी कसाबसा हाय. तिथं पाय ठेवला ना, की मग मला उठवनार कोन? मी स्वतः तर उठनार नाय." मग म्हणाला, "तू जा. त्याला सांग, येतो म्हनाला होता."

वहिनींचे हात थांबले नव्हते. कणीक केव्हाच झाली होती, तरी त्या मळत होत्या. समोर बसलेल्या माणसाला नाही म्हणता न येणारा हा माणूस पहिल्यांदाच नाही म्हणत होता, आणि ते मला नव्हतं, त्या खोऱ्याला होतं. त्याला तिथे जायची किती ओढ होती हे त्या नकारात जेवढं दिसलं तेवढं कधी होकारात दिसलं नसतं. मी आग्रह केला नाही. मनात आलं होतं, म्हणावं, चल, दोघंही नको परत येऊ. पण दोघांच्याही घरी दिवा लावणारी बाई होती.

सकाळी निघालो. जयराम मला सोडायला फाटकापर्यंत आलाच नाही, वरूनच हात केला. वहिनी खाली आल्या. त्यांनी एका पिशवीत तामोसाठी सुकेळी दिली, "लांबच्या प्रवासात टिकते." रिक्षा यायची होती. आम्ही सावलीत उभे राहिलो.

"तुम्हाला राग नाही आला वहिनी?" मी विचारलं. "काल तुमच्यासमोरच बोलला."

"त्यात नवीन काय? लग्न झालं तेव्हापासून माहीत हाय मला," त्या म्हणाल्या. "बाई असती तर भांडले असते. तिला जाऊन बघून आले असते, माझ्यापेक्षा काय मोठी लागून गेलीये म्हनून. जागेशी कसं भांडायचं? मी कधी जा म्हनले नाय. ते पन कधी जातो म्हनाले नाय. असं चाललं आमचं."

"बरं चाललं की."

"बरं चाललं," त्या म्हणाल्या. "पन काल तो फोन झाल्यापासून जेवले नायत." आणि थोड्या वेळाने, "तुम्ही जानार ना?"

"जाणार. दिवाळी झाली की."

"येताना इथं या. माझ्यासाठी या." त्या वर गॅलरीकडे बघत नव्हत्या, मुद्दाम बघत नव्हत्या. "आनी त्यांना सांगा, तिथली बाग पन गेली. रस्त्यात गेली म्हना, रोग पडला म्हना, काय पन सांगा. तुमचं खरं मानतील ते."

रिक्षा आली. मी पिशवी आत ठेवली. मला खोटं बोलायला जमत नाही असं नाही, फौजेत सगळं जमतं. तरी विचारलं.

"आणि काल फोनवर दिसली तशीच असली तर?"

"तशीच असली तर गेली म्हनून सांगाच," वहिनी म्हणाल्या.